मठाचें माप

चाळीसगांवच्या नैर्ऋत्येस, कांहीं कोसांवर, सातमाळा-अजिंठा डोंगररांगेच्या कुशींत पाटण नांवाचें एक जुनें स्थान आहे. लोक त्याला पाटणादेवी म्हणून ओळखतात. भोंवतीं गौताळ्याचें अभयारण्य, जवळच्या डोंगरांत पितळखोऱ्याचीं लेणीं, आणि मध्यें देवीचें देऊळ. खानदेशच्या गांवोगांवचे लोक तेथें दर्शनास येतात. त्यांतील पुष्कळांना हें ठाऊक नसतें कीं, या देवस्थानीं एक शिलालेख आहे आणि त्याचा मुख्य विषय राजाची लढाई किंवा देवाचें वैभव हा नसून एका शाळेची स्थापना हा आहे. त्या शाळेंत जें शिकवावयाचें होतें, त्याच्या मुळाशीं कोनाचें माप होतें.

लेखांत शके ११२८, प्रभव संवत्सर, श्रावणी पौर्णिमा व चंद्रग्रहण असा काळ दिला आहे. गणित करून अभ्यासकांनीं ती तारीख ९ ऑगस्ट १२०७ अशी ठरविली आहे. देवगिरीवर तेव्हां सिंघण यादवाचें राज्य होतें, आणि पाटणच्या प्रदेशावर त्याचे मांडलिक निकुंभ घराणें नांदत होतें. सिंघणाच्या पदरीं चांगदेव नांवाचा मुख्य ज्योतिषी होता. तापी-पूर्णेच्या संगमावर ज्याचें देऊळ आहे तो योगी चांगदेव निराळा. हा चांगदेव भास्कराचार्यांचा नातू. त्याचे वडील लक्ष्मीधर यांना जैत्रपाळ यादवानें याच पाटणाहून आपल्या दरबारीं नेलें होतें, असें लेखांत म्हटलें आहे. आजोबांचा सिद्धान्तशिरोमणि व घराण्यांतील इतरांचे ग्रंथ शिकविले जावे, याकरितां चांगदेवानें येथें मठ घातला, आणि निकुंभ सोइदेवानें त्याला उत्पन्न लावून दिलें.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृत आहे. परंतु शेवटीं जेथें व्यवहाराची गोष्ट येते तेथें भाषा एकदम मराठी होते. पंडितांची वंशावळ संस्कृतांत सांगितली, पण घाण्यावरचें तेल मात्र मराठींत मागितलें. कारण तेली आणि वाणी यांना तें समजलें नसतें तर मठाचा दिवा पेटला नसता! पाटणच्या पेठेंत विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाच्या उत्पन्नाचा कांहीं अंश मठाला मिळावा, जितके घाणे चालतील तितक्यांनीं पळी पळी तेल द्यावें, अशीं हीं कलमें आहेत. त्यांतील एक विशेष ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. पेठेंत जें मोजलें जाईल तें मठाच्या मापानें मोजावें, आणि मोजणावळीचा अर्धा वांटा मठाला द्यावा. आकाशाचें माप शिकविणाऱ्या शाळेच्या हातींच बाजाराचें माप सोंपविलें गेलें. विद्या आणि पेठ यांचें इतकें निकटचें नातें सांगणारे लेख फार थोडे असतील.

आतां त्या मठांत शिकावयाचें तें काय? भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ. स. १११४ चा. सिद्धान्तशिरोमणि त्यांनीं वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, ११५० मध्यें, पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग आहेत. लीलावतींत वाऱ्यानें मोडलेल्या बांबूचें उदाहरण आहे. बत्तीस हात बांबू मोडून त्याचें टोंक बुंध्यापासून सोळा हातांवर जमिनीस टेकलें, तर तो किती उंचीवर मोडला? उत्तर बारा हात. उभा बारा, आडवा सोळा आणि कलता वीस, असा काटकोन त्रिकोण तेथें उभा राहतो. ज्याच्या गांवीं बांबू उगवतो आणि वारा सुटतो त्या मुलाला हें उदाहरण कोणी समजावून सांगावें लागत नाहीं.

परंतु कोनाचें खरें गणित पुढें, गोलाध्यायांत आहे. आजच्या शाळेंत कोन म्हणजे एका बिंदूंतून निघालेल्या दोन किरणांची आकृति. जुन्या ज्योतिषांत मोजावयाची वस्तु होती ती चाप, म्हणजे वर्तुळाच्या परिघाचा तुकडा. पूर्ण चक्राचे ३६० अंश आणि दर अंशाच्या ६० कला, म्हणजे साऱ्या परिघाच्या २१,६०० कला. तेवढ्या परिघाची त्रिज्या ३,४३८ कला येते. म्हणून ज्योतिषी त्रिज्येला तोच आंकडा देत आणि वांकडा चाप व सरळ रेषा यांना एकाच मापानें मोजीत. चाप म्हणजे धनुष्य. त्याचीं दोन टोंकें जोडणारी दोरी ती ज्या, आणि मधला बाण तो शर. प्रत्यक्ष गणितांत सोयीसाठीं अर्धी दोरी घेत, पण नांव ज्या हेंच राहिलें. वर्तुळाच्या चौथ्या हिश्शाचे सव्वादोनशें कलांचे चोवीस भाग करून प्रत्येकाची ज्या कोष्टकांत देण्याची परंपरा फार जुनी आहे. भास्कराचार्यांनीं ज्योत्पत्ति या प्रकरणांत त्यापुढें जाऊन अठरा व छत्तीस अंशांची ज्या कशी काढावी, आणि दोन चापांच्या बेरजेची व वजाबाकीची ज्या कशी मिळवावी, हें सांगितलें.

या ज्येचा पुढील प्रवास मौजेचा आहे. तिचें दुसरें नांव जीवा. अरबांनीं तो शब्द आपल्या लिपींत घेतला. त्या लिपींत ऱ्हस्व स्वर लिहिण्याची रीत नसल्यामुळें पुढच्या वाचकांनीं तो जैब, म्हणजे अंगरख्याचा खोळ किंवा पोकळी, असा वाचला. लॅटिन भाषांतरकारांनीं पोकळी या अर्थाचा आपला सायनस हा शब्द घातला, आणि त्यावरून इंग्रजी साइन हा शब्द आला. धुळ्या-जळगांवचा विद्यार्थी जेव्हां वहींत साइन हा शब्द लिहितो तेव्हां वस्तुतः तो धनुष्याच्या दोरीचेंच नांव लिहीत असतो. फक्त ती दोरी बगदादवरून आणि युरोपवरून फिरून घरीं आलेली असते.

गणित झालें, पण माप घ्यावयाचें कशानें? त्यासाठीं गोलाध्यायांत यंत्राध्याय आहे. त्यांत दहा यंत्रांचीं नांवें येतात: गोल, नाडीवलय, यष्टि, शंकु, घटी, चक्र, चाप, तुर्य, फलक आणि शेवटीं धी. त्यांतील चक्रयंत्र म्हणजे सांखळीनें टांगलेली एक वाटोळी तबकडी. तिच्या कडेवर ३६० अंश कोरलेले आणि मध्यें एक खिळा. तबकडी सूर्यासमोर धरली कीं खिळ्याची सावली कडेवर पडते आणि सूर्य क्षितिजापासून किती अंश वर आहे तें कळतें. याच तबकडीचा अर्धा भाग घेतला कीं चापयंत्र झालें. त्याचाहि अर्धा घेतला कीं तुर्य. आजच्या कंपासपेटींत पारदर्शक प्लॅस्टिकचा जो अर्धगोल कोनमापक असतो, तो पाहिला तर चापयंत्राचें रूप चटकन् ओळखूं येतें. फलकयंत्र म्हणजे समांतर रेषा आंखलेली, वर वर्तुळ काढलेली आणि खिळ्याभोंवतीं फिरणारी पट्टी लावलेली फळी. पुष्कळसें गणित ती फळीच करून देते.

यादींतील शेवटचें नांव मात्र धातूचें नाहीं व लांकडाचेंहि नाहीं. धी म्हणजे बुद्धि. हातांत एक सरळ काठी घ्यावी, तिच्यावरून नजर लावून दूरच्या बांबूचा बुंधा पाहावा, मग शेंडा पाहावा, आणि तेवढ्यावरून तो बांबू किती लांब व किती उंच आहे तें सांगावें. पाण्यांत पडलेल्या प्रतिबिंबावरूनहि उंची काढावी. नऊ यंत्रें वर्णन करून आचार्य सांगतात कीं, खरें यंत्र हें एकच. काठी ही केवळ निमित्त आहे. माप घेणारी बुद्धि आहे.

चौदाव्या शतकाच्या आरंभीं यादवांचें राज्य बुडालें. कालांतरानें पाटणची पेठ मोडली, घाणे थांबले, मठहि नाहींसा झाला. दगडावर कोरलेलें अक्षर तेवढें टिकलें. १८६५ मध्यें डॉक्टर भाऊ दाजी लाड यांनीं हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला. १८९२ मध्यें कीलहॉर्न यांनीं त्याचें शुद्ध वाचन छापलें. पुढें शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचा भारतीय ज्योतिषशास्त्र हा ग्रंथ १८९६ मध्यें प्रसिद्ध झाला आणि भास्कराचार्य व त्यांची परंपरा मराठी वाचकांच्या घरांत आली. हे दीक्षित पेशानें शिक्षक. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत जाण्यापूर्वीं धुळ्यासहि त्यांनीं शिक्षकाचें काम केलें होतें. त्या काळीं खानदेश एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम असे त्याचे दोन भाग १९०६ मध्यें झाले आणि तेच पुढें जळगांव व धुळे म्हणून ओळखले जाऊं लागले. म्हणजे ज्या जिल्ह्यांत चांगदेवानें मठ घातला, त्याच जिल्ह्यांत एका शाळामास्तरानें त्या विद्येचा जुना हिशेब हातीं घेतला.

मध्यंतरीं शाळेंतील कोनाचें रूप पालटलें होतें. १८१८ नंतर इंग्रजी अंमल आला आणि लौकरच कॅप्टन जॉर्ज जर्विस यांनीं शास्त्र्यांच्या साहाय्यानें इंग्रजी गणिताचीं पुस्तकें मराठींत आणलीं. युक्लिडची भूमिति आली, सिद्धता आल्या, आणि आकाशाशीं असलेला कोनाचा संबंध सुटून तो कागदावर उतरला. यांत लाभ होता. तर्काची शिस्त मुलांना मिळाली. परंतु हानीहि होती. ज्या मुलानें कधीं सावली मोजली नाहीं, काठीवरून झाडाचा शेंडा पाहिला नाहीं, त्याला कोन म्हणजे पुस्तकांतील दोन रेषा एवढेंच वाटूं लागलें.

वर्गांतील शिक्षकांना या रोगाचीं लक्षणें चांगलीं ठाऊक आहेत. दोन कोन सारखेच असले तरी ज्याच्या बाजू लांब काढल्या आहेत तो मुलांना मोठा वाटतो. कोनमापकावर उजवीकडून आणि डावीकडून असे दोन आंकडे लिहिलेले असतात. मूल भलताच आंकडा वाचतें आणि साठ अंशांच्या लघुकोनाला एकशें वीस अंश म्हणून मोकळें होतें. समोरचा कोन काटकोनापेक्षां लहान दिसत असतांना विशालकोनाचें उत्तर लिहितांना त्याला कांहीं विपरीत वाटत नाहीं. कारण त्यानें माप वाचलें, पण कोन पाहिला नाहीं. गवंड्याचा पोर ओळंबा आणि गुण्या हातांत घेऊन भिंतीचा कल डोळ्यांनीं ओळखतो. तोच पोर वर्गांत एकशें वीस लिहून येतो!

अशा वेळीं नवीं साधनें आलीं. १९६७ मध्यें अमेरिकेंत सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं मुलांसाठीं लोगो नांवाची संगणकभाषा तयार केली. तींत पुढें एक कासव आलें. त्याला इतकें पुढें जा, इतके अंश वळ, अशा आज्ञा द्यावयाच्या आणि त्याच्या मागें रेषा उमटत जावयाची. समभुज त्रिकोणाचा कोन साठ अंशांचा म्हणून मूल कासवाला साठ अंश वळावयास सांगतें, आणि पडद्यावर त्रिकोणाऐवजीं षट्कोन निघतो! कासवाला वळावें लागतें तें एकशें वीस अंश. आंतला कोन आणि बाहेरचें वळण यांतील भेद शिक्षकानें दहा वेळां सांगून जो कळला नसता, तो या एका चुकीनें कळतो. कोन म्हणजे रेषांची फट नव्हे, तर फिरणें होय, ही जुन्या चक्रयंत्राची कल्पना अशी पुन्हां वर्गांत आली.

त्यानंतर २००१ च्या सुमारास ऑस्ट्रियांतील साल्झबुर्ग विद्यापीठांत मार्कुस होहेनवार्टर यांनीं जिओजेब्रा नांवाचें साधन रचण्यास आरंभ केला. शाळांना तें विनामूल्य मिळतें. पडद्यावर कोन काढून त्याची एक बाजू बोटानें ओढली कीं अंशांचा आंकडा क्षणोक्षणीं बदलतो. बाजू फक्त लांबविली तर मात्र आंकडा तसाच राहतो. लांब बाजूंचा कोन मोठा, हा भ्रम तेथेंच गळून पडतो. त्रिकोणाचा शिरोबिंदु कोठेंहि नेला तरी तिन्ही कोनांची बेरीज १८० च राहते. अर्थात् शंभर त्रिकोण पाहणें ही सिद्धता नव्हे; परंतु सिद्धता कशासाठीं हवी, हें त्यांतून मुलाला उमजतें. मुंबईच्या आय. आय. टी. च्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पानें या साधनाचे पाठ मराठींतहि उपलब्ध केले आहेत.

हीं साधनें खेड्यांतील शाळेपर्यंत कशीं पोंचावीं, हा प्रश्न होता. त्याचें उत्तर शोधण्यांत धुळे जिल्हा अग्रेसर ठरला. २०१६-१७ च्या सुमारास तेथील जिल्हा परिषदेच्या सुमारें अकराशें शाळांत पडदे व संगणक आले. परदेशीं नोकरी करणाऱ्या एका धुळेकरानें पुढाकार घेतला, आणि खर्चाचा मोठा भाग गांवोगांवच्या लोकांनीं वर्गणी करून उभा केला. शेतकऱ्यानें, दुकानदारानें, मजुरानें आपापल्या परीनें घातलेल्या पैशांतून गांवच्या शाळेंत उजेडाचा पडदा उभा राहिला. १२०७ मध्यें घाण्यामागें पळीभर तेल घेऊन जो मठ चालला, त्याची ही दूरची पण सरळ आठवण म्हटली पाहिजे. शाळा ही गांवाच्या तेलावर जळते, ही गोष्ट खानदेशानें दोनदां सिद्ध केली.

पण पळीभर तेल घालणाऱ्याचा एक हक्क असतो. त्या दिव्याच्या उजेडांत कोणी वाचलें कीं नाहीं, हें विचारण्याचा. पडद्यावर कोन आपोआप फिरतो, रंग बदलतो, आंकडा दाखवितो, आणि साठ मुलें तोंड उघडून पाहतात. हें शिक्षण नव्हे, हा तमाशा झाला. ज्याच्या बोटानें ती रेषा ओढली त्याला कोन कळला. बाकीच्यांनीं चित्र पाहिलें. शिवाय वीज गेली, दिवा बिघडला, दुरुस्तीस पैसे नसले, कीं तोच पडदा कपाटाआड जातो. पाटणच्या मठाची गति काय झाली, हें समोर दिसत असतांना खानदेशानें याविषयीं निष्काळजी राहणें बरें नव्हे. उत्पन्न लावून दिल्यानें मठ उभा राहतो. तो टिकतो तो शिकणाऱ्यांनीं.

यावरचा उपाय यंत्राध्यायांतील दहाव्या नांवांतच आहे. यंत्र कोणतेंहि असो, आधीं धी चालली पाहिजे. कोनमापक लावण्यापूर्वीं, पडद्यावरचा आंकडा उघडण्यापूर्वीं, मुलानें अंदाज सांगावा: काटकोनाहून लहान कीं मोठा? त्याच्या निम्म्याजवळ कीं पुढें? मग माप घ्यावें आणि दोन्हींतील अंतर स्वतःच पाहावें. ज्यानें आधीं अंदाज केला त्याला यंत्राची चूक पकडतां येते. ज्यानें केला नाहीं त्याला यंत्र जें सांगेल तें खरें.

असा अभ्यास करण्यास खानदेशाइतकी सोयीची भूमि नाहीं. जळगांव आणि धुळें हीं दोन्ही शहरें उत्तर अक्षांश २१ च्या जवळपास आहेत. म्हणून रात्रीं ध्रुवतारा क्षितिजाच्या वर सुमारें २१ अंशांवर दिसतो. तोच कोन आज मुलाच्या घरच्या मोबाईलनेंहि मोजतां येतो. त्याच्या पोटांत गुरुत्वाची दिशा ओळखणारा एक सूक्ष्म भाग असतो. तो गवंड्याच्या ओळंब्याचाच धाकटा भाऊ समजावा. मोबाईलच्या कडेला कागदाची नळी चिकटवून ताऱ्यावर नजर लावली कीं झालें चापयंत्र. दिवसां मात्र सूर्याकडे डोळा लावावयाचा नाहीं. त्यासाठीं सावली आहे. विषुवदिनीं भर दुपारीं बारा अंगुळांचा शंकु मैदानांत उभा केला तर त्याची सावली साडेचार अंगुळांहून किंचित् अधिक पडते, आणि त्या सावलीवरून आपल्या गांवाचा अक्षांश निघतो. मेच्या अखेरीस, आणि पुन्हां जुलैचा मध्य उलटल्यावर, एकेक दिवस असा येतो कीं, मध्यान्हीं त्या शंकूची सावली पायाखालींच नाहींशी होते.

आणि हें सारें केवळ परीक्षेसाठीं नाहीं. धुळे जिल्ह्यांतील साक्री तालुक्यांत, शिवाजीनगर येथें, २०१३ मध्यें सव्वाशें मेगावॅटचा सौरवीज प्रकल्प उभा राहिला. असे तक्ते एका जागीं कायमचे बसवावयाचे असतील तर ते दक्षिणेकडे तोंड करून, साधारणपणें त्या ठिकाणच्या अक्षांशाइतके कलते ठेवतात. ध्रुवताऱ्याची जी उंची तोच तक्त्याचा कल. ज्या मुलानें शाळेच्या मैदानांत तो कोन स्वतः मोजला, त्याला तो तक्ता पाहतांच त्याचें कारण कळेल. ज्यानें फक्त पडद्यावर पाहिला, त्याला तो तक्ता म्हणजे एक तिरकी काच वाटेल.

पाटणच्या पेठेंत माल कोणाचाहि असो, तो मठाच्या मापानें मोजावा, असा दंडक होता. चक्रयंत्र गेलें, फलक गेला, कोनमापक आला, आतां पडदा आणि मोबाईल आले. उद्यां आणखी कांहीं येईल. मालाचें रूप बदलत जाईल. परंतु शाळेनें हातांतून सोडूं नये असें माप एकच आहे, आणि तें कोणत्याहि पेठेंत विकत मिळत नाहीं. मुलाची बुद्धि जोंवर आधीं पाहते आणि मग मोजते, तोंवर चांगदेवाचा मठ खानदेशांतील प्रत्येक वर्गांत चालूं आहे असें समजण्यास हरकत नाहीं.